माशी बसू नये म्हणून

घोडा नुसती शेपटी हलवत असेल तर साधी माशी. पाय आपटत असेल तर चावरी माशी, ती खालून पायांनाच लागते. अंगावरची कातडी एकाच जागी थरथरवत असेल तर डास नाहीतर चिलटं. आणि कान मागे टाकून दावं ताणायला लागला तर घोडेमाशी आली आहे, हातातलं काम टाकून धावायचं.

हे मला फिलूबायने शिकवलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा तबेला दिसायचा. पोळ्या लाटता लाटता मी खाली बघायचे आणि मनात म्हणायचे, काळू पाय आपटतोय, म्हणजे चावरी. तेवढ्यात फिलूबाय ओला फडका घेऊन काळूच्या पायाशी वाकलेली दिसायची. मला ओळखता आलं याचा आनंद व्हायचा. तिला तसला आनंद वगैरे काही नसायचा. ती पाय पुसायची आणि पुढच्या घोड्याकडे जायची.

कांदिवलीला खाडीच्या बाजूला जुनं गावठाण आहे. त्यातलं शेवटचं घर फिलूबायचं, आणि घरामागे पत्र्याचा तबेला. आमची सात मजली सोसायटी नंतर आली, त्या तबेल्याला भिंत लावून. तिचा नवरा अंतोन लग्नाच्या वरातींना घोडी द्यायचा आणि रविवारी गोराईच्या किनाऱ्यावर मुलांना रपेट मारून आणायचा. तो गेला तेव्हा मूलबाळ नसलेल्या फिलूबायकडे तीन जनावरं राहिली. वरातीची पांढरी चांदणी, म्हातारा काळू आणि फुलवा नावाची बुटकी, हट्टी घोडी. लोकांना वाटलं बाई आता विकून टाकील. तिने नवऱ्याचे गमबूट पायांत घातले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लीद उचलायला सुरुवात केली. तेव्हापासून तिचा वेष तोच. मॅक्सी, खांद्यावर पंचा, गळ्यात जपमाळ आणि पायांत दोन नंबर मोठे गमबूट, त्यामुळे चालताना फटक फटक आवाज.

माझी तिची ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मला पाठवलं होतं. सोसायटीत माश्या फार झाल्या होत्या आणि कमिटीचं म्हणणं, तबेल्यामुळेच. मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सेक्रेटरी मराठे म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा. तुम्हाला शास्त्रीय भाषेत सांगता येईल."

मी नाकाला लावायला रुमाल हातात धरूनच गेले. फिलूबायने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या आत. माशी कुठे दिसते ती दाखवा."

आत गेल्यावर मी रुमाल पर्समध्ये ठेवला. मला लाज वाटली. खाली फरशी धुऊन चुना भुरभुरलेला. लीद एका झाकणाच्या खड्ड्यात, वर बारीक जाळी. पाण्याची टाकी ती रोज उपसून घासायची. दारांना ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या टांगलेल्या, घोडा आत शिरताना त्या अंगावरून घासल्या जायच्या आणि बसलेल्या माश्या बाहेरच राहायच्या. तिन्ही घोड्यांच्या कपाळावर जुन्या साड्यांच्या काठांची झालर, डोळ्यांपर्यंत लोंबणारी. चांदणीची झालर मोरपंखी होती.

"लीद दुपारपर्यंत पडून राहिली ना," फिलूबाय म्हणाली, "की ती लीद नाही, माशीचं बाळंतघर. मी तीनदा उचलते. तुमचा ओला कचरा किती वेळा उचलतात?"

आमचा कचरा भिंतीपलीकडच्या खोलीत कधी दोन दिवस पडायचा.

तिने चुलीवर एरंडेल आणि राळ गरम केली, त्यात सुतळीचे दोन तुकडे बुडवले. एक तबेल्यात टांगला, एक माझ्या हातात दिला. "हा तुमच्या कचऱ्याच्या खोलीत लावा. उद्या ह्याच वेळेला दोन्ही बघू."

दुसऱ्या दिवशी तिच्या सुतळीला तुरळक माश्या चिकटल्या होत्या. आमची सुतळी सुतळी म्हणून ओळखू येत नव्हती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कमिटीच्या मीटिंगला नेली. मराठ्यांनी लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम. पण शहरात घोडे कोण पाळतं?"

मी फिलूबायला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही, चिडलीही नाही. "त्यांना माश्या नकोत असं नाही," ती म्हणाली. "त्यांना घोडे नकोत. मग सरळ तसं बोलायचं ना."

त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की मी तिच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. ती मला 'टीचर' म्हणायची. पहिलं वर्षभर 'तुम्ही', मग कधीतरी 'तू' झालं. मी मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिले.

तिच्याशी गप्पा म्हणजे अर्ध्याच गप्पा. वाक्य चालू असताना तिचं लक्ष घोड्यांच्या कातडीवर. मध्येच उठायची, जायची, परत येऊन तिथूनच वाक्य पुढे न्यायची. संध्याकाळी कडुलिंबाचा पाला आणि गोवरी घालून धुरी करायची. पेटवण्याआधी कपाळाला हात लावून क्रूस करायची, आणि धूर घोड्यांच्या तोंडावर जाणार नाही अशा बेताने घमेलं वाऱ्याच्या बाजूला सरकवत राहायची. गोड काही घेऊन तबेल्यात कुणाला शिरू द्यायची नाही. एकदा त्यांच्या चर्चचे फादर घोड्यांना आशीर्वाद द्यायला आले होते. ते डोळे मिटून प्रार्थना म्हणत असताना फिलूबायने त्यांच्या मानेवर खाडकन चापट मारली. फादर दचकून थांबले. तिने तळहात उघडून दाखवला. "घोडेमाशी होती फादर. चालू द्या."

या घोडेमाशीशी तिचं वैर जुनं होतं. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा अंतोनकडे एकच घोडा होता. एका पावसाळ्यात त्याने तो म्हशींच्या गोठ्याजवळ बांधला, जागा सुकी होती म्हणून. घोडेमाश्या म्हशींना चावायच्या आणि त्याच तोंडाने घोड्याला. घोड्याला सर्रा झाला. रक्तातला रोग. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पोटाखाली सूज आली. मग मागचे पाय लटपटायला लागले.

"मी नवी नवरी," ती म्हणाली. "मला वाटायचं उन्हाने ताप आला असेल. मी आपली डोक्यावर पाणी ओतायची. डॉक्टर आला तेव्हा म्हणाला, पंधरा दिवस आधी बोलावलं असतं तर वाचला असता. पंधरा दिवस मी बघत होते टीचर. रोज बघत होते, पण मला दिसत नव्हतं."

एवढं बोलून ती फुलवाच्या पोटाखालून हात फिरवायला गेली. सूज आहे का ते बघायला. ते ती रोज करायची.

तिचं खरं रूप मला दिसलं ते चांदणीच्या जखमेच्या वेळी. एका वरातीत फटाक्यांच्या आवाजाने चांदणी बुजली आणि गाडीच्या पत्र्याला घासून तिच्या पुढच्या पायाला जखम झाली. साधी वाटणारी जखम भरेना. उलट कडा फुगल्या, मध्ये दाणेदार मांस वाढायला लागलं. घोडेवाले याला बरसाती म्हणतात. माशी जखमेवर बसते, बारीक अळ्या सोडते आणि जखम आतून जिवंत राहते. डॉक्टरांनी औषध दिलं, पट्टी बांधली, आणि सांगितलं की पट्टी ओली झाली की काढून जखम वाळवायची, पण त्या वेळात तिच्यावर एकही माशी बसता कामा नये.

डॉक्टर सहज बोलून गेले. फिलूबायने ते अक्षरशः घेतलं. ती स्टूल टाकून चांदणीच्या पायाशी बसली आणि झावळीच्या पंख्याने वारा घालायला लागली. पट्टी काढली की वारा, पट्टी बांधली की बाकीची कामं. आठवडेच्या आठवडे. मला मे महिन्याची सुट्टी होती, मी म्हटलं थोडा वेळ मी बसते. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला आणि हात क्षणभर थांबला. माशी आलीच.

"हात थांबला की ती बसते," फिलूबाय माझ्या हातातून पंखा घेत म्हणाली. "तिला घाई नसते. घाई आपल्याला असते."

जखम भरली. चांदणी पुन्हा वरातीला उभी राहिली, पण त्यानंतर फिलूबाय स्वतः बरोबर जायची, गमबूट घालून, नवरदेवाच्या शेजारून. फोटोत ती दिसू नये म्हणून लोक तिला बाजूला व्हायला सांगायचे. ती व्हायची नाही.

औषध फवारायला मात्र तिचा ठाम नकार. "औषध माशीला ओळखत नाही. समोर येईल त्याला मारतं." सोसायटीत पेस्ट कंट्रोल व्हायचं तेव्हा तिची एकच मागणी असायची. आधी कळवा. म्हणजे ती भिंतीजवळचं गवत हलवणार, टाकी झाकणार आणि घोडे घेऊन गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला जाणार. कमिटीने ही जबाबदारी माझ्याकडे दिली होती, आणि मी ती दोन-तीन वर्षं नीट पार पाडली होती.

तो दिवस परीक्षेचा होता. आदल्या संध्याकाळी फिलूबाय मला म्हणाली, "उद्या गोराईला चालले. भावजय जाऊन महिना झाला, चर्चमध्ये तिच्यासाठी मिसा आहे. फवारणी-बिवारणी नाही ना काही?"

"नाही," मी म्हटलं. "असती तर कळलं असतं."

"असली तर फोन कर. मी जाणार नाही."

सकाळी शाळेत पोचले आणि पर्यवेक्षणासाठी वर्गात जायच्या आधी मी फोन पाहिला. सोसायटीच्या ग्रुपवर मराठ्यांचा मेसेज होता. पेस्ट कंट्रोलवाला आज मोकळा आहे, अकरा वाजता येतोय, खिडक्या बंद ठेवाव्यात. तेव्हा दहा वाजायचे होते. फिलूबाय बहुधा अजून घरीच होती. घंटा झाली. मी ठरवलं, उत्तरपत्रिका वाटल्या की बाहेर येऊन फोन करते. उत्तरपत्रिका वाटल्या. एका मुलीला चक्कर आली, तिला पाणी दिलं, तिच्या आईला बोलावलं. मग दुसरा पेपर. आणि मी विसरले.

एवढंच झालं. मी विसरले.

चार वाजता घरी आले तेव्हा भिंतीपलीकडे माणसं जमलेली होती. फवारणाऱ्याने कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी मारलं होतं, वरून लांब नळी घालून, तबेल्याकडच्या बाजूला जरा जास्तच, कारण माश्या तिकडूनच येतात असं त्याला सांगण्यात आलं होतं. औषध गवताच्या पेंढ्यांवर पडलं, टाकीत पडलं, घोड्यांच्या अंगावर उडालं. दुपारी घोड्यांनी गवत खाल्लं, पाणी प्यायलं.

फिलूबाय नुकतीच पोचली होती. मिसाला नेसलेली काळी साडी अजून अंगावर, पदर खोचलेला. ती बादलीने काळूच्या अंगावर पाणी ओतून उघड्या हातांनी चोळत होती. तिन्ही जनावरं घामाने निथळत होती, तोंडातून लाळेच्या तारा. चांदणी आडवी पडली होती. तिचं सगळं अंग थरथरत होतं, एकाच जागी नाही, सगळीकडे. ते कुठल्या माशीचं लक्षण नव्हतं.

डॉक्टर आले. उताऱ्याची इंजेक्शनं दिली. काळू आणि फुलवा सावरले. चांदणीने गवत सर्वांत जास्त खाल्लं होतं, ती खादाडच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी सकाळी गेले तेव्हा फिलूबायने चांदणीवर वरातीची लाल झूल घातली होती. चेहरा तेवढा उघडा होता. स्टूलवर बसून ती पंख्याने वारा घालत होती. महापालिकेची गाडी दुपारशिवाय येणार नव्हती आणि ऊन चढत होतं.

मी म्हटलं, "फिलूबाय, आता कशाला?"

"बसतील," ती म्हणाली. "डोळ्यांवर बसतील."

मी बाजूला उभी राहिले. थोड्या वेळाने, तिने विचारलं नसताना, मी म्हणाले, "काल फोन कपाटात होता माझा. परीक्षेला फोन आत नेऊ देत नाहीत. मेसेज मी चारलाच पाहिला."

ती म्हणाली, "बरं."

"मला पंखा द्या, मी घालते थोडा वेळ."

"नको," ती म्हणाली. "तू जा. उद्या ये, आज नको."

गाडी तीन वाजता आली. तोपर्यंत तिचा हात थांबला नव्हता, हे मी खिडकीतून पाहिलं. दोर लावून चांदणीला गाडीत ओढताना झूल सरकली. फिलूबायने ती परत नीट केली आणि मग गाडीवाल्याला म्हणाली, "झूल पण ने."

तिने पोलिसांत तक्रार दिली. सोसायटीने उत्तर दिलं की तबेल्याला परवानगीच नाही, आणि कळवायचं काम एका सदस्याकडे होतं. तो सदस्य म्हणजे मी. माझा जबाब घ्यायला बोलावणं आलं तेव्हा मी तीन रात्री झोपले नाही. कपाटातल्या फोनची गोष्ट आता सगळ्यांनी मान्य केली होती. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, शाळेतल्या बायकांनी. मी कुणाचंही नाव न घेता तसंच लिहून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

जबाबाच्या आदल्या दिवशी मी तबेल्यात गेले. फिलूबाय काळूचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होती. घोड्यांच्या अंगावरचं औषध उघड्या हातांनी धुतलं त्या दिवसापासून तिला खोकला लागला होता. हाताची कातडी सोलवटली होती.

मी उभ्यानेच सांगितलं. "मी मेसेज दहाच्या आधी पाहिला होता. नंतर फोन करते म्हटलं आणि विसरले. तुम्ही तेव्हा घरीच असाल. मी खोटं बोलले."

खुरातली माती काढायचा आवाज चालू राहिला. मग तिने काळूचा पाय खाली सोडला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"मी विचारलं नव्हतं, तरी तू सांगितलंस."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले." ती खोकली, पंच्याने तोंड पुसलं. "झालं ते झालं असं मी म्हणणार नाही हां टीचर. मला तसं बोलता येत नाही. चांदणी मेली. पण तू उद्या खरं सांग. तेवढं कर."

मी खरं सांगितलं. मेसेज किती वाजता आला, मी कधी पाहिला, फवारणाऱ्याला भिंतीपलीकडे मारायला कुणी सांगितलं आणि निघण्याआधी कुणीही पलीकडे एक हाक मारली नाही, हे सगळं. मराठे मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचीच चूक आणि आम्हालाच अडकवलंत." त्यांचं अर्धं खरं होतं. बरेच दिवस सोसायटीत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तक्रारीचं पुढे काही झालं नाही. तबेल्याचं मात्र झालं. जनावरं हलवावीत अशी नोटीस आली. त्या नोटिशीविरुद्ध फिलूबाय लढली असती, पण खोकला वाढत चालला होता. घमेलं उचललं की तिला धाप लागायची. लीद तीनदा उचलणं होत नव्हतं. एकदा दुपारपर्यंत लीद तशीच पडून राहिलेली मी पाहिली, आणि त्याच आठवड्यात तिने स्वतःहून कर्जतकडच्या एका आश्रयस्थानाला फोन लावला. म्हाताऱ्या जनावरांना ठेवून घेतात, तिथे.

त्यानंतर फिलूबाय फार जगली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. गोराईहून तिचा भाऊ आला, त्याने घराला कुलूप लावलं. तबेल्याचे पत्रे कुणीतरी काढून नेले. आता खिडकीतून खाली पाहिलं तर गवत वाढलेलं दिसतं आणि सोसायटीत माश्या होत्या तेवढ्याच आहेत.

तिला आजारपणातही मी भेटत होते, पण तिची आठवण येते ती काळू आणि फुलवाला कर्जतला न्यायला टेम्पो आला त्या सकाळची. फिलूबायने ठेवणीतली साडी नेसली होती, पायांत नव्या चपला. फुलवा, हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेली, मुकाट्याने फळीवरून वर चढून गेली. काळू चढेना. ड्रायव्हरने लगाम ओढला, दोघांनी मागून रेटलं, काळूने पुढचे पाय रोवले आणि मान वर करून उभा राहिला.

"थांबा," फिलूबाय म्हणाली. "ओढू नका त्याला."

तिने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि फळीवरून हळूहळू, धाप टाकत, स्वतः टेम्पोत चढली. आत जाऊन काळूकडे पाठ करून उभी राहिली. हाक मारली नाही. काळूने थोडा वेळ वाट पाहिली. मग एकेक पाय टाकत तो वर गेला आणि तिच्या खांद्यापाशी जाऊन थांबला.

ड्रायव्हरने फळी उचलली. "मावशी, या बाजूने उतरा आता."

"चल तू," आतून तिचा आवाज आला. "गाडीची सवय होऊ दे त्याला. हायवे लागला की उतरते."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. त्याने मागचं दार लावलं, गाडी सुरू केली. दाराच्या वरून काळूचे कान दिसत होते आणि त्यांच्यामध्ये, अयाळ धरलेला तिचा हात. टेम्पो गल्लीतून वळल्यावर माझं लक्ष खाली गेलं. नव्या चपला रस्त्यावरच राहिल्या होत्या.